जामीन राहणाऱ्यांचा शनिवार

पहाटे साडेपाच

फोन हातात घेतला की आधी तालुक्याचा ग्रुप उघडते. रात्री अकरानंतर शिक्षकांना जे जे सुचतं ते सगळं सकाळपर्यंत तिथं येऊन पडलेलं असतं. आज तीन विषय आहेत. फेब्रुवारीच्या पगारातून आयकर किती कापणार? वरिष्ठ वेतनश्रेणीच्या प्रस्तावाला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मूळ जोडायचं की झेरॉक्स चालेल? आणि तिसरं म्हणजे ‘शासन निर्णय’ म्हणून फिरणारं एक पान, ज्यावर ना संकेतांक, ना क्रमांक, ना सही. पहिलं उत्तर या पानाला देते. खरा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो. तिथं नसेल, तर ते पान कुणाच्या तरी इच्छेचं असतं. आमच्यात इच्छा फार वेगानं फॉरवर्ड होतात.

मी पन्हाळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते, राहते कोडोलीत, आणि शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेची कोषाध्यक्ष आहे. कुठल्या संघटनेची ते सांगत नाही. जिल्ह्यात शिक्षक संघ आहे, शिक्षक समिती आहे, पुरोगामी आहे, आणखीही आहेत. पुढं लिहिलेलं काम थोड्याफार फरकानं सगळ्यांचंच आहे, आणि नाव सांगितलं तर निम्मे वाचक इथंच थांबतील.

सात

शनिवारी सकाळची शाळा. कोडोलीच्या बाहेर पडताना वारणा कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी हळू करावीच लागते. ओव्हरटेक करायची घाई मी सोडून दिली आहे. तात्यासाहेब कोरे यांनी इथं साखर कारखाना उभा केला आणि त्यामागून दूध संघ आला, वारणा बाजार आला, कॉलेजं आली. शेअर, आमसभा, लाभांश, थकबाकी या गोष्टी इथल्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. शिक्षकही याच मातीतला. त्यामुळं आमच्या संघटना मोर्च्यापेक्षा पतपेढीत जास्त ओळखल्या जातात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला नाही.

कोल्हापुरात प्राथमिक शिक्षकांची स्वतःची सहकारी बँक आहे. माध्यमिककडं ‘कोजिमाशि’ म्हणून सगळ्यांना माहीत असलेली पतसंस्था आहे. या संस्थांच्या निवडणुका लागल्या की आमच्यातल्या भल्याभल्यांचं बोलणं बंद होतं. पॅनेल फुटतात, पत्रकं निघतात, वीस वर्षांचे मित्र एकमेकांच्या घरचं लग्न टाळतात. आणि महिन्याभरात तेच दोघं एकमेकांच्या कर्जाला जामीन राहिलेले दिसतात.

साडेसात ते साडेअकरा

या वेळात फोन टेबलाच्या खणात. शाळेच्या वेळात संघटना नाही, हा नियम मी स्वतःपुरता केला, आणि तो पाळल्यामुळंच चार लोक माझं ऐकतात असं मला वाटतं. वर्गावर कधी न दिसणारा पुढारी ही आमच्या चळवळीची जुनी दुखरी जागा आहे. साहेबांच्या केबिनमध्ये तो असतो, लग्नकार्यात असतो, सत्काराला असतो, फक्त चौथीच्या वर्गात नसतो. त्याच्यामुळं बाकीच्यांनी केलेल्या कामावरही गावाचा विश्वास बसत नाही. गाव मोर्चा बघत नाही, फळा बघतं.

कवायत, परिपाठ, मग गणित. हंगामात ऊसतोड कामगारांची काही मुलं वर्गात येतात, बीडकडची. हजेरी घेताना त्यांची नावं शेवटी असतात, कारण ती मागाहून लिहिलेली असतात. आज त्यातली एक मुलगी भागाकारात वर्गाच्या पुढं होती. एवढंच सांगते. शाळेवर लिहायला बसले तर संघटना राहून जाईल.

पावणेबारा

कोडोलीत एसटी स्टँडजवळ चहा. शनिवारी दुपारी इथं पिशव्यांमधून फायली बाहेर येतात. पंचायत समितीचं कार्यालय पन्हाळ्याला, म्हणजे गडावर. आणि शनिवारी ते बंद. मग सोमवारी तिथं जे द्यायचं त्याची जुळणी आज इथं, चहाच्या टेबलावर.

आधी आयकर. पगार काढणारे अधिकारी म्हणून गटशिक्षणाधिकारी कर कापतात, पण तक्ता शिक्षकानं भरून द्यायचा असतो. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळते. म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला धास्ती नाही. तरीही लोक जुन्या सवयीनं विम्याच्या पावत्या घेऊन येतात. एका सरांनी आज तीन पॉलिसी दाखवल्या. तीनही एजंट त्यांचे नातेवाईक.

“सर, ह्या कशासाठी घेतल्या?”

“कर वाचतोय म्हणून.”

“नव्या पद्धतीत ह्याची वजावटच नाही.”

“मग आता काय करायचं?”

“आता मेव्हण्याला विचारायचं, मुदतीआधी बंद केली तर किती परत मिळतंय.”

ते हसले, पण फाईल बंद करताना त्यांनी तिन्ही पावत्या घडी करून वेगळ्या खिशात ठेवल्या. थकबाकीचा प्रश्न त्याहून नाजूक. मागच्या वर्षांचा फरक एकदम हातात आला की त्या वर्षी कर फुगतो. त्यावर कलम ८९ ची सवलत मागता येते, पण त्यासाठी विवरणपत्राआधी दहा-ई नमुना ऑनलाइन भरावा लागतो. हे माहीत नसल्यामुळं माणसं नको तो कर भरून मोकळी होतात. आम्ही दरवर्षी जूनमध्ये याच टेबलावर दहा-ई भरायला बसतो. मोर्च्यात मागून मिळालेली थकबाकी अर्धीमुर्धी कराला घालवायची, असली दानशूरता कशाला?

साडेबारा

आमच्या शिक्षक पतसंस्थेची शाखा. पहिल्या, तिसऱ्या शनिवारी उघडी असते. इथं माझा कुठलाही अधिकार नाही, मी सभासद आहे एवढंच. पण कर्जाचा अर्ज घेऊन येणाऱ्याला सोबत कुणीतरी लागतं.

ही यंत्रणा साधी आहे. दरमहा पगारातून वर्गणी कापली जाते, ती ठेव म्हणून साठते, आणि त्यातूनच दुसऱ्या सभासदाला कर्ज मिळतं. हप्ता पगारातूनच कापला जावा, अशी लेखी संमती सभासद देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणं पगार देणाऱ्यावर ती कपात करून संस्थेला पाठवायचं बंधन असतं. म्हणून शिक्षकांच्या संस्थेचं कर्ज सहसा बुडत नाही. लाभांशालाही कायद्यानं पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे नफा हाच हेतू ठेवून कुणी ही संस्था चालवू नये, असा त्यातला अर्थ. शेवटी जो नफा होतो तो सभासदानंच भरलेल्या व्याजातून होतो. हे आमसभेत सांगायला गेलं की “लाभांश वाढवा” आणि “व्याज कमी करा” या दोन मागण्या एकाच रांगेतून, कधीकधी एकाच माणसाकडून येतात.

आजचा अर्जदार खासगी फायनान्सचं पत्रक घेऊन आला होता. “बाई, हितं आठ टक्के म्हणत्यात. आपल्याकडं दहा. मग तिकडंच घेऊ की.”

पत्रकावर ‘आठ टक्के फ्लॅट’ असं होतं. ‘फ्लॅट’ हा शब्द बारीक होता. मी पेन काढलं. पाच लाख, पाच वर्षं. आठ टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण पाच लाखांवर व्याज, फेडलेल्या पैशावरसुद्धा. व्याज दोन लाख, हप्ता अकरा हजार सहाशे सदुसष्ट. संस्थेत समजा दहा टक्के, पण घटत्या शिलकेवर. हप्ता साधारण दहा हजार सहाशे पंचवीस. महिन्याला हजाराहून जास्त फरक. त्या ‘आठ’ टक्क्यांचा खरा दर चौदाच्या आसपास जातो. सर चौथीला सरळव्याज शिकवत नाहीत हे खरं, पण सातवीला शिकवलेलं आहे. त्यांनी पत्रकाची घडी घातली. असल्या वेळी मला संघटनेचं काम काय असतं ते नीट कळतं. घोषणा देणारे पुष्कळ आहेत. पत्रकावरचा बारीक शब्द मोठ्यानं वाचून दाखवणारा एकतरी हवा.

दोन जामीनदार त्यांनी आणले होते. जामीनदारांना मी नेहमी एकच गोष्ट सांगते आणि ती त्यांना आवडत नाही: सही केली की कर्ज तुमचंही झालं. कर्जदार थांबला की संस्था तुमच्या पगाराकडं वळणार, आणि ते बेकायदा नाही. “असुंदे हो बाई, आपलाच माणूस हाय,” असं म्हणून सही होते. बहुतेक वेळा तो खरंच आपलाच माणूस निघतो. जेव्हा निघत नाही, तेव्हा दोन घरांत बोलणं बंद होतं, आणि त्या भांडणात मध्यस्थ म्हणून पुन्हा आम्हीच.

एक

शाखेच्या पायरीवर एक तरुण शिक्षणसेवक उभा होता. नांदेडकडचा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक, कोडोलीत खोली घेऊन राहतो. त्याच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलंय.

“मॅडम, मला इथं कर्ज भेटंल का? कोण काय सांगंना.”

मिळणार नाही. शिक्षणसेवकाला तीन वर्षं मानधन असतं. ते प्राथमिकला सहा हजार होतं, २०२३ च्या जानेवारीपासून सोळा हजार झालं. पण तो अजून कायम नाही, आणि आमच्या संस्थेच्या पोटनियमात सभासदत्व कायम शिक्षकालाच. म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त, तोच दाराबाहेर. हा पोटनियम बदला म्हणून आम्ही आमसभेत दोनदा विषय मांडला. उत्तर येतं: वसुली कशी करणार? प्रश्न चुकीचा नाही. पण सोळा हजारांत घरभाडं, गावाकडं पैसे आणि दवाखाना बसवणाऱ्या माणसाला सावकाराच्या दारात सोडणं, हे उत्तर होऊ शकत नाही.

तालुका शाखेत आम्ही एक तातडीचा निधी ठेवला आहे. छोटी रक्कम, बिनव्याजी, परत करायची मुदत ठरवून. त्याची वही माझ्याकडं असते. त्यातून त्या पोराला पैसे दिले, पावती दिली, सही घेतली. एका ज्येष्ठ सरांनी शेजारून पाहिलं आणि म्हणाले, “माझी बी सही घे त्यावर. पोरगं पळून जाणार न्हाई, पण वहीत जामीन असावा.” त्यांची सेवा अजून नऊ वर्षं राहिली आहे. हे नऊ लक्षात ठेवा, संध्याकाळी लागणार आहे.

दोन

घर, जेवण. भाकरी, घेवड्याची भाजी, ताक. सासूबाईंनी विचारलं, “आज तरी घरी हायस का?” मी भाकरी वाढून घेतली.

तीन

आज एका घरी जायचं होतं. तिथले सर दोन-अडीच महिन्यांपूर्वी गेले. बाई घरात, मुलगी बारावीला.

अशा घरी गेलं की मी आधी कागदच काढत नाही. पण थोड्या वेळानं त्याच म्हणतात, “तुमी कागदं बघायला आलाय न्हवं?” मग बघायचे. सर २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेले. १ नोव्हेंबर २००५ या तारखेनं महाराष्ट्रातल्या शिक्षकांची दोन जातींत विभागणी केली आहे. आधी लागलेल्याला जुनी पेन्शन, नंतरच्याला आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस या अंशदायी योजना. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात, सरकारचा वाटा आधी दहा, नंतर चौदा टक्के. २०२३ च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरचे कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. जुनी पेन्शन मिळाली नाही. पण त्याच महिन्याच्या ३१ तारखेला वित्त विभागाचा निर्णय निघाला, आणि एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना गेला तर कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय आला. संपाचं यश-अपयश यावर पेपरात पुष्कळ छापून आलं. माझ्यापुरता त्या संपाचा हिशेब असा एखाद्या घरात बसून होतो. सात दिवसांच्या बदल्यात या बाईंना दरमहा काहीतरी सुरू होणार आहे.

काम सरळ नव्हतं. एनपीएसच्या खात्यावर वारस म्हणून सरांच्या आईचं नाव. लग्नाआधी भरलेला फॉर्म, नंतर कुणी बदललाच नाही. असं घरोघरी आहे. सासू-सून एकाच घरात राहतात, भांडण नाही, तरी कागदानं दोघींना समोरासमोर आणलं. मी दोघींना बसवून समजावलं: पर्याय कोणता घ्यायचा, त्यासाठी कुणाची सही लागेल, वारस दाखला कुठून काढायचा, अनुकंपाच्या यादीसाठी अर्ज कधी करायचा आणि मुलगी सज्ञान झाल्यावर काय. सासूबाई म्हणाल्या, “तिच्याच नावावर होऊ दे. मला काय करायचंय.” बाई काहीच बोलल्या नाहीत.

पतसंस्थेचं कर्ज सभासदाच्या मृत्यूनंतर कल्याण निधीतून भागतं, ते भागलं. दुसऱ्या एका ठिकाणचं वैयक्तिक कर्ज मात्र तसंच आहे, कारण त्याला विमा नव्हता. पगार खात्याबरोबर बँका अपघात विमा देतात, पण तो अपघाताचाच असतो, हृदयविकाराचा नाही. हे फरक शिक्षकाला जिवंतपणी कळावेत म्हणून आम्ही दर वर्षी सभेत ‘वारस नोंद तपासा’ असा एक विषय ठेवतो. त्या विषयाला सगळे चहा प्यायला उठतात.

पाच

आता दिवसाचा तो भाग, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागू. सेवा पाच वर्षांहून कमी राहिली असेल तर परीक्षेशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण पदोन्नती नाही. पाचापेक्षा जास्त राहिली असेल तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर सक्तीची निवृत्ती. नऊ वर्षं राहिलेले आमचे दुपारचे जामीनदार या दुसऱ्या रांगेत आले.

एका शाळेच्या हॉलमध्ये, रीतसर परवानगी घेऊन, दर शनिवारी दोन तास अभ्यासवर्ग चालतो. पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न, दीडशे गुण. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. साठ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गाला पंचावन्न. नकारात्मक गुण नाहीत. समोर बसलेल्यांनी डी.एड. केलं तेव्हा यातलं निम्मं वेगळ्या नावानं शिकवलं जायचं. शिकवायला उभा असतो तो नांदेडचा शिक्षणसेवक. तो टीईटी पास होऊनच नोकरीत आला आहे, आणि त्याचं गणित पक्कं आहे.

सुरुवातीचे दोन शनिवार वाईट गेले. ज्येष्ठांना राग होता, आणि तो रास्त होता. वीस-बावीस वर्षं मुलांना शिकवलं, शिष्यवृत्तीला बसवली, जनगणना केली, निवडणुका केल्या, आता म्हणे पात्रता सिद्ध करा. एक बाई हजेरी देऊन मागच्या बाकावर स्वेटर विणत बसायच्या. निषेधच तो. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी काहीतरी झालं. प्रश्न अपूर्णांकाचा होता. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. पर्यायांत दोन पंचमांशही होता, हमखास फसवणारा. पोरानं विचारलं, “हे चूक आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण लेकरू असं का करतं?”

हॉलमध्ये एकदम आवाज झाला. प्रत्येकाच्या वर्गात हे घडतं. कुणी म्हणालं, मुलं वरच्यात वरचं मिळवतात आणि खालच्यात खालचं, कारण आपण त्यांना बेरीज तशीच शिकवली. कुणी म्हणालं, दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा लहान आहे, अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर कमी कसं होईल, हे मुलाला आधी विचारावं, मग छेद समान करायला शिकवावं. स्वेटरवाल्या बाईंनी सुया खाली ठेवल्या आणि सांगितलं की त्या भाकरी मोडून दाखवतात, पण अर्धी एका आकाराच्या भाकरीची आणि तिसरा हिस्सा दुसऱ्या आकाराच्या भाकरीचा घेतला की घोटाळा होतो, म्हणून दोन्ही भाकऱ्या सारख्याच थापाव्या लागतात. तासभर हे चाललं. परीक्षेत असला प्रश्न एका मिनिटाचा.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला आम्ही सगळे दर महिन्याला जातो. तिथं परिपत्रकं वाचली जातात, माहिती भरायच्या मुदती सांगितल्या जातात, दोन-तीन दिलेले विषय होतात, नाश्ता होतो. चांगल्या परिषदाही होतात, नाही म्हणत नाही. पण मूल का चुकतं यावर तासभर भांडलेली परिषद मला पटकन आठवत नाही.

मला यातून जे दिसतं ते आमच्याच माणसांना रुचणार नाही. आम्ही, म्हणजे संघटनांनी, शिक्षकाच्या पैशाची काळजी फार नीट केली आणि त्याच्या शिकण्याची फक्त कागदापुरती. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, जिला आमच्यात अजून ‘चट्टोपाध्याय’ म्हणतात, कारण ती राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या अध्यक्षांच्या नावावर रूढ झाली. चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, तीही ठरावीक टक्क्यांनाच. दोन्हींसाठी प्रशिक्षण लागतं. २०२२ साली हे प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर चर्चा कशाची होती? व्हिडिओ पुढं कसा ढकलायचा आणि चाचणीची उत्तरं कुणाकडं आहेत, याची. मी ते संदेश पुसले नाहीत, रोखलेही नाहीत. प्रमाणपत्र मिळालं, वेतनश्रेणी मिळाली, सगळे खूश. शिकण्याला पगाराची वाढ बांधली की माणूस प्रमाणपत्र शिकतो. टीईटीनं तर त्याला नोकरीच बांधली, आणि तरी त्या अपूर्णांकाच्या संध्याकाळी कुणी गुणांसाठी बोलत नव्हतं. शिक्षकांना शिकायला आवडत नाही हा समज म्हणून मला पटत नाही. त्यांना एकमेकांसमोर चुकायला जागा नव्हती.

आज इंग्रजीचा भाग होता. ज्येष्ठ सरांना काळाचे प्रकार जात नाहीत. “अरे, आमच्या वेळेला इंग्रजी पाचवीपास्नं होतं,” ते म्हणाले. पोरगा म्हणाला, “सर, मग तुम्ही उशिरा सुरू केलंय, एवढंच.” दुपारी यांनी त्याच्यासाठी सही केली होती. हे दोघांनाही आठवत असणार, पण कुणी काढलं नाही.

साडेसात

कार्यकारिणी. अजेंड्यावर चार विषय. दोन पटकन संपले. तिसरा कोर्टाच्या वर्गणीचा. टीईटीच्या प्रश्नावर, संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेच्या मंजूर शिक्षकपदांच्या, प्रश्नावर, कशा ना कशावर दर वर्षी याचिकेसाठी पैसे गोळा होतात. डोक्यामागं इतके, पाठवा लगेच. मी कोषाध्यक्ष झाल्यापासून एक हट्ट धरला आहे: पावती द्यायची, वकिलांना दिलेली रक्कम बँकेतून द्यायची, आणि प्रकरण संपल्यावर उरलेले पैसे सभेत सांगायचे. “आपल्याच माणसांवर विश्वास नाही का?” हा प्रश्न येतो. विश्वास आहे. पावती हवीच. जिल्हा परिषदेच्या कपातीचा हिशेब लागत नाही म्हणून आपण आरडाओरडा करतो, मग आपल्या डब्यातल्या पैशाचा हिशेब आधी लागला पाहिजे.

चौथा विषय लांबला. एक जण म्हणाले, “आपण वर्ग घेतो म्हणजे निकाल मान्य केला, असं होतंय. एका बाजूनं मोर्चा काढायचा आणि दुसऱ्या बाजूनं शिकवणी लावायची, हे कसं?”

हा मुद्दा हलका नाही. संघटनेचं बळ एकजुटीत असतं. १९७७-७८ साली सरकारी कर्मचाऱ्यांचा चौपन्न दिवसांचा संप झाला, तो टिकला कारण मधेच कुणी वेगळी वाट काढली नाही, असं ज्येष्ठ सांगतात. आज प्रत्येकानं आपापली परीक्षा पास करून घ्यायची ठरवली, तर मागणीच्या मागं उभं कोण राहणार? मी म्हटलं, मोर्च्याला मी येणारच आहे. पण मुदत २०२७ च्या ऑगस्टअखेर संपते. तोवर काही बदललं नाही, आणि आपला एक माणूस घरी गेला, तर त्याच्या घरी जाऊन मी कुठल्या ठरावाची प्रत दाखवू? दोन्ही चालू ठेवायचं, एवढंच ठरलं. एकमतानं नाही. विरोधाची नोंद इतिवृत्तात घ्या म्हणाले, घेतली.

मग मी आणखी एक गोष्ट मांडली. टीईटीचं काहीही होवो, हा शनिवारचा वर्ग बंद करायचा नाही. परीक्षा नसेल तर मुलांच्या चुका घेऊन बसू. यावर शांतता झाली आणि अध्यक्ष म्हणाले, “बघूया.” आमच्याकडं ‘बघूया’चा अर्थ आवाजावरून लावावा लागतो. आजचा आवाज बरा होता.

साडेनऊ

घरी आल्यावर निधीची वही लिहिली. मुलीच्या बारावीच्या अर्जाबद्दल त्या बाईंना एक निरोप पाठवला. मग ग्रुपवर पुढच्या शनिवारची सूचना टाकली: विषय भागाकार. येताना प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या एका मुलाची गणिताची वही आणावी, जिथं भागाकार चुकला आहे अशी. मुलाचं नाव झाकून.

मिनिटभरात उत्तर आलं. “मॅडम, वही कशाला? टीईटीला वही विचारत नाहीत.”

मी लिहिलं, “नाही विचारत. आणा.”